बेनेडिकला फसवायचं कसं : आडून ऐकण्याचे प्रवेश बसवताना

'मच अ‍ॅडू अबाउट नथिंग' हे शेक्सपिअरचं विनोदी नाटक करायला घेतलेले हौशी संच बहुधा एकाच जागी घसरतात. एकमेकांना सतत टोमणे मारणारे बेनेडिक आणि बिअ‍ॅट्रिस यांना, समोरचं माणूस आपल्यावर प्रेम करतं असं मुद्दाम आडून ऐकवून घरची मंडळी प्रेमात पाडतात. दुसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश आला की हे बोलणारे तिघे जोरजोरात विनोदी व्हायला लागतात. बेनेडिक पुठ्ठ्याच्या झुडपामागे अर्धा प्रवेश गायब असतो आणि मधूनमधून डोकं वर काढून डोळे मोठे करतो. लगेच पुढच्या प्रवेशात बिअ‍ॅट्रिस तेच सगळं पुन्हा करते. मग चौथ्या अंकात भर चर्चमध्ये बिअ‍ॅट्रिसच्या नात्यातली बहीण हेरो हिची ऐन लग्नात बेअब्रू होते, तेव्हा प्रेक्षकांना वाटतं की मध्यंतरात नाटकच बदललं.

यात नटांचा दोष फार कमी असतो. तयारीचा क्रम चुकलेला असतो. हालचाली आधी बसतात आणि कोणाला काय माहीत आहे याचा विचार शेवटी होतो, किंवा होतच नाही. खाली दिलेला क्रम या दोन प्रवेशांसाठी आहे : बेनेडिकला फसवतात तो (अंक २, प्रवेश ३) आणि बिअ‍ॅट्रिसला फसवतात तो (अंक ३, प्रवेश १). त्यांना जोडलेल्या इतर चोरट्या ऐकण्यांकडेही जाता जाता बघू, कारण ती सोडून हे दोन प्रवेश उभे राहत नाहीत.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. या प्रवेशांत हशा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पिकतो. बोलणाऱ्यांचं काम फक्त पेरणीचं.

टप्पा १ : कोणाला काय माहीत, याचा तक्ता

पहिल्या वाचनाच्या आधी, कोरा कागद घेऊन दिग्दर्शकाने हा तक्ता स्वतः करायचा. पाच रकाने पुरतात : कोण बोलतंय, कोण ऐकतंय, कोणीतरी ऐकतंय हे बोलणाऱ्याला माहीत आहे का, ऐकलेल्यातलं खरं किती, आणि प्रेक्षकांना सत्य कधी कळतं. मग नाटक सुरुवातीपासून चाळा.

पहिल्या अंकात राजपुत्र डॉन पेद्रो हेरोवर जीव जडलेल्या तरुण क्लॉडिओला सांगतो की मुखवट्याच्या नाचात मी तुझं सोंग घेऊन हेरोला मागणी घालीन आणि ती तुला मिळवून देईन. हे बोलणं दोन वेगवेगळे कान टिपतात. हेरोचा काका अँटोनिओ याचा नोकर बागेतल्या दाट वेलींच्या वाटेवर थोडं ऐकतो आणि बातमी आणतो ती अशी की खुद्द राजपुत्राचंच हेरोवर मन बसलंय. म्हणजे चूक. दुसरीकडे खलनायक डॉन जॉनचा माणूस बोराचिओ कुबट वास येणाऱ्या खोलीत धुरी देत असताना भिंतीवरच्या पडद्याआड सरकतो आणि त्याला मात्र बेत नीट ऐकू येतो. घरच्या भल्या माणसांकडे चुकीची बातमी आणि खलनायकाकडे बरोबर बातमी, ही उलटी मांडणी पहिल्या अंकातच होऊन जाते. हे दोन छोटे प्रवेश नीरस वाटतात म्हणून संच ते कापतात. कापू नका. 'या गावात कान सगळीकडे आहेत आणि त्यांचा भरवसा नाही' हे प्रेक्षकांना इथेच शिकवायचं असतं.

नाचात डॉन जॉनला मुखवट्यामागे क्लॉडिओ आहे हे माहीत असतं, तरी तो त्याला बेनेडिक समजल्याचं नाटक करून कानात विष ओततो. त्याच नाचात बिअ‍ॅट्रिस मुखवटा घातलेल्या बेनेडिकला सांगते की बेनेडिक म्हणजे राजपुत्राचा विदूषक, दुसरं काही नाही. समोर बेनेडिकच आहे हे तिला कळलंय का? संहिता ठाम उत्तर देत नाही. तुम्ही द्या, आणि आत्ताच द्या. बेनेडिकला हे वाक्य किती लागतं यावर पुढची सगळी फसवाफसवी उभी आहे.

मग आपले दोन मुख्य प्रवेश. त्यानंतर हेरोच्या खिडकीखालचा बनाव (दासी मार्गारेटला हेरो भासवून क्लॉडिओला दाखवलेली रात्रीची भेट), जो रंगमंचावर दिसतच नाही. त्यानंतर पहारेकऱ्यांनी पावसात, छपराखाली ऐकलेली बोराचिओची बढाई. पुढे पाद्र्याच्या सल्ल्याने पसरवलेली हेरोच्या मृत्यूची खोटी बातमी, आणि शेवटी बुरख्याआडची 'पुतणी'. तक्ता भरला की दिसतं, या नाटकात फसवणूक न होणारा अंकच नाही.

*तपासा :* दर तालमीच्या सुरुवातीला नटांना एकेक करून विचारा, 'आत्ता तुझ्या पात्राला काय माहीत आहे?' उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. हेरोचा बाप लिओनाटो करणारा नट 'सगळंच' म्हणाला तर तक्ता पुन्हा वाचायला लावा.

टप्पा २ : भाषांतर आणि कापाकापी

बेनेडिकचा प्रवेश मुख्यतः गद्यात आहे आणि बिअ‍ॅट्रिसचा पद्यात. मराठी संहितेत हा फरक कोणत्या तरी रूपात उरला पाहिजे. तिसऱ्या अंकातल्या संवादांना मुक्तछंदाची लय दिली तरी चालेल. पण दोन्ही प्रवेश एकाच बोलीभाषेत उतरवलेत तर दुसरा प्रवेश पहिल्याची नक्कल वाटणारच, मग नटांनी काहीही करो.

कापायचं असेल तर गवई बाल्थझारच्या गाण्याआधीच्या सूर-स्वरांवरच्या कोट्या कापा, पुराणकथांचे उल्लेख कमी करा. पुढच्या चार गोष्टींना मात्र कात्री लावू नका. एक, लपण्याआधीचं बेनेडिकचं लांब स्वगत, ज्यात तो आपल्याला कशी बायको हवी याची यादी करतो. दोन, 'ही थट्टा वाटली असती, पण पांढऱ्या दाढीचा म्हातारा बोलतोय' हे त्याचं जनांतिक (फक्त प्रेक्षकांना ऐकू जाणारं वाक्य). तीन, हेरोने बिअ‍ॅट्रिसच्या गर्वावर केलेली लांबलचक टीका. चार, बिअ‍ॅट्रिसच्या शेवटच्या दहा ओळी. आणखी एक बारीक जागा आहे : डॉन पेद्रो बाल्थझारला उद्या रात्री हेरोच्या खिडकीखाली गाणं-बजावणं करायला सांगतो. बिनमहत्त्वाचं वाक्य वाटतं, पण त्याच खिडकीत पुढे घात होतो.

संबोधनं आधीच ठरवा. बेनेडिक आणि बिअ‍ॅट्रिस चारचौघांत एकमेकांना 'तुम्ही' म्हणाले तर टोमण्यांना धार येते. चर्चमधल्या प्रसंगानंतर दोघंच उरतात तेव्हा बेनेडिकने पहिल्यांदा 'तू' म्हणावं. मूळ संहितेतही तो त्याच ठिकाणी जवळिकीच्या सर्वनामावर येतो. लिओनाटो बिअ‍ॅट्रिसचा काका की मामा हे मूळ संहितेत स्पष्ट नाही. 'काका' ठेवा, तोंडात सहज बसतं.

*सावधान :* हेरोचं नाव रंगमंचावर 'हीरो' असं उच्चारू नका. 'हीरोचं लग्न ठरलं' म्हटल्यावर मराठी प्रेक्षागृहात नको तो हशा येतो, आणि चर्चच्या प्रवेशात तो आला तर संपलंच.

टप्पा ३ : लपण्याची जागा

शेक्सपिअरच्या काळी प्रयोग दिवसाउजेडी होत, प्रेक्षक तीन बाजूंनी असत आणि रंगमंचावर फारसं काही नसे. लपलेला माणूस खांबाच्या आड उभा राहिला तरी निम्म्या प्रेक्षागृहाला तो पूर्ण दिसे. लपणं ही तिथे केवळ मानलेली गोष्ट होती. आपण कमानी रंगमंचावर खरीखुरी झाडी उभारतो आणि ही सोय हातची घालवतो.

ऐकणारा पुढे, बोलणारे मागे, हा साधा नियम धरा. बेनेडिकचा चेहरा प्रेक्षकांकडे हवा. डॉन पेद्रो, लिओनाटो आणि क्लॉडिओ त्याच्या मागे तिरक्या रेषेत. अशाने त्याला त्यांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त आवाज येतो, आणि तो फसतो हे पटतंही. उलट मांडणी केलीत, म्हणजे बोलणारे पुढे आणि तो मागच्या लेव्हलवर, तर प्रेक्षकांची नजर सतत मागेपुढे धावते आणि दोन्हीकडचं अर्धं निसटतं.

लपायची वस्तू माणसापेक्षा लहान असू द्या. कुंडी, बाक, अर्धवट विणलेली वेलींची कमान. बेनेडिकसाठी दोन-तीन जागा ठेवा, म्हणजे बातमी चविष्ट व्हायला लागली की तो जवळ सरकू शकतो. बिअ‍ॅट्रिससाठी एकच ठेवा. ती टिटवीसारखी जमिनीलगत धावत येते असं हेरो म्हणते, म्हणजे तिची हालचाल सगळी एन्ट्रीतच आहे. एकदा जागा धरली की ती हलत नाही. का, ते सहाव्या टप्प्यात.

इथे दुसऱ्या नाटकांच्या सवयी आड येतात. 'शाकुंतला'तला दुष्यंत झाडाआडून ऐकतो ते सख्यांचं खरं, बेसावध बोलणं. त्यामुळे तो रसिकपणे स्थिर उभा राहिला तरी चालतं. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये झाडीत लपलेले असतात ते फसवणारे, आणि फसणारा माल्व्होलिओ उघड्यावर पत्र वाचत असतो. तिथे झाडीत धुमाकूळ घालणं योग्यच आहे. तोच धुमाकूळ बेनेडिकच्या गळ्यात बांधला की गडबड होते, कारण इथे लपलेला माणूसच बकरा आहे आणि त्याला स्वतःला आपण शिकारी आहोत असं वाटतंय.

*तपासा :* पहिल्या हालचाली बसल्या की प्रेक्षागृहाच्या दोन्ही कडेच्या शेवटच्या खुर्च्यांवर बसून प्रवेश बघा. कुठूनही ऐकणाऱ्याचा चेहरा सलग हरवत असेल तर झाडी हलवा, नटाला नको. प्रकाशयोजना करणाऱ्यालाही सांगून ठेवा, लपलेल्यावर अंधार करायचा नाही.

टप्पा ४ : बोलणारे तिघे

आता तालीम. पहिल्या दोन-तीन बैठकांत बेनेडिकला बाहेर बसवा. तिघांनी प्रवेश असा करायचा की बिअ‍ॅट्रिस खरोखर प्रेमात पडली आहे आणि हे तिघे खरोखर काळजीत आहेत. एकही डोळा मिचकवायचा नाही. हे जमल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण बेनेडिक स्वतः बाहेर आल्यावर पहिला पुरावा हाच देतो : बोलणं गंभीरपणे चाललं होतं.

मग आमिषाचा क्रम अभ्यासा. तो फार हुशारीने रचलेला आहे. आधी अविश्वसनीय बातमी येते. लगेच डॉन पेद्रोच शंका काढतो, 'ती ढोंग करत असेल कदाचित.' ऐकणाऱ्याच्या मनातली शंका फसवणाऱ्यानेच बोलून टाकली की ऐकणारा निःशस्त्र होतो. माझ्या मते प्रवेशातलं सर्वांत धूर्त वाक्य हेच. नंतर पुरावे : ती रात्रीतून वीस वेळा उठते, कागदभर लिहिते, फाडून टाकते, रडते. नंतर दया : ती जिवाचं बरंवाईट करेल अशी भीती. 'त्याला सांगून टाकू का?' 'नको, तो तिची टिंगल करील.' इथून रोख वळतो. आता विषय बिअ‍ॅट्रिसच्या प्रेमाचा राहत नाही, बेनेडिकच्या स्वभावाचा होतो. ती गुणी, शहाणी, सद्गुणी, आणि तो? त्याने एकदा स्वतःकडे नीट बघावं, एवढ्या चांगल्या बाईच्या आपण लायक आहोत का ते. शेवटी सगळं सोडून देऊन ते जेवायला निघून जातात.

म्हणजे 'ती प्रेम करते' ही थाप आहे, पण 'तू गर्विष्ठ आहेस, टिंगलखोर आहेस' हे खरं आहे. बेनेडिक बदलतो तो या दुसऱ्या भागामुळे. बाहेर आल्यावर तो म्हणतोच, आपली निंदा ऐकून सुधारता येणारे भाग्यवान. तालमीत पहिल्या भागाला हशा येतो म्हणून संच सगळी ताकद तिथे लावतात आणि दुसरा भाग भरभर उरकतात. उलट करा. दुसऱ्या भागात वेग कमी हवा.

क्रम पाठ झाला की तिघांच्या अभिनयक्षमतेत फरक करा. डॉन पेद्रो मुरलेला आहे, सूत्रं त्याच्या हातात आहेत. क्लॉडिओला मजा येते आहे. मासा गळाला लागतोय, पक्षी बसलाय, असे शेरे तो हळूच मारतो आणि जरा जास्तच रंगवतो. लिओनाटो म्हातारा गृहस्थ, खोटं बोलायची सवय नसलेला. डॉन पेद्रो विचारतो, 'प्रेमाची लक्षणं काय दिसतात तिच्यात?' आणि लिओनाटो अडकतो : 'लक्षणं? ती बसते... माझ्या मुलीने तुम्हाला सांगितलंच की!' संवाद विसरलेल्या नटाची गंमत रंगमंचावरच्या सगळ्यांना आतून ठाऊक असते, म्हणून ती फार ताणली जाते. एक लहान पॉज, क्लॉडिओकडे एक चेंडू, पुढे. त्यानंतर काही ओळींतच बेनेडिक म्हणतो की पांढरी दाढी खोटं बोलणार नाही. तिघांतला सर्वांत वाईट नट त्याला सर्वांत विश्वासू वाटतो. लिओनाटो फार धांदरट केलात तर हा विनोद मरतो, कारण मग त्याच्यावर विश्वास ठेवणारा बेनेडिक मूर्ख ठरतो.

*सावधान :* खोटं बोलताना लपलेल्याकडे बघायचं नाही. बघायचं ते फक्त आपसातल्या कुजबुजीच्या वेळी, आणि तेही एकाच माणसाने. तिघे एकदम मान वळवून बघतात तेव्हा प्रवेशाचा बालनाट्य महोत्सव होतो.

*तपासा :* आवाजाच्या दोन पातळ्या वेगळ्या ऐकू येतात का? डोळे मिटून बसा. कोणतं वाक्य बेनेडिकसाठी आणि कोणतं आपसात, हे फक्त कानाने ओळखता आलं पाहिजे.

टप्पा ५ : बेनेडिकचा कान

आता बेनेडिकला आत घ्या. त्याला बोलायला फार थोडं दिलेलं आहे : गाण्यावरचे शेरे, 'वारा या दिशेचा आहे का?' अशी एक ओळ, आणि ते पांढऱ्या दाढीचं जनांतिक. त्यानंतर तिघे निघून जाईपर्यंत तो गप्प. हा शांततेचा मोठा पट्टा बघून नट घाबरतो आणि तो फांद्या, पाय अडकणं, शिंक, पडणं यांनी भरायला घेतो.

त्यापेक्षा नटाला पेन्सिल द्या. तिघांच्या प्रत्येक वाक्यापुढे संहितेच्या समासात त्याने लिहायचं, ऐकून मला काय झालं : अविश्वास, संशय, फुशारकी, कुतूहल, लाज, राग, दया. एका वाक्याला एकच शब्द. प्रत्येक वाक्याला वेगळा शब्द असायची गरज नाही. चार वाक्यं सलग 'फुशारकी' असू शकते आणि पाचव्याला अचानक 'लाज'. ही वळणं चेहऱ्यावर दिसली की प्रेक्षक स्वतःच हसतात.

शारीरिक विनोद एकच ठेवा, फार तर दोन. आणि तो माहिती देणाऱ्या ओळीवर कधीच नको. 'ती कागद फाडते' या ओळीवर तो बाकावरून घसरला, तर कागद कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि कागद लक्षात राहणं गरजेचं आहे, कारण नाटकाच्या शेवटी दोघांची प्रेमं कागदांवरच पकडली जातात.

तिघे गेल्यावरचं स्वगत थेट प्रेक्षकांशी करा. तो स्वतःशी वाद घालतोय आणि प्रत्येक मुद्दा जिंकतोय. जग वस्तीने भरलं पाहिजे, असा लोककल्याणाचा युक्तिवादसुद्धा करतो. हे विनोदी व्हायचं असेल तर लपण्याआधीचं स्वगत प्रेक्षकांच्या डोक्यात ताजं हवं. रूपवती हवी, शहाणी हवी, सद्गुणी हवी, श्रीमंत तर हवीच, केसांचा रंग मात्र देवाच्या मर्जीवर. ही यादी नटाने पूर्ण गांभीर्याने, बोटं मोजत म्हटलेली असेल तरच नंतरची पलटी दिसते. दोन्ही स्वगतं एकाच जागेवर, एकाच बाकाशी करून बघा.

मग बिअ‍ॅट्रिस येते. मनाविरुद्ध पाठवलंय म्हणून तुम्हाला जेवायला बोलवायला आलेय, असं तुटक सांगते आणि जाते. बेनेडिकला त्यात गूढ अर्थ दिसतो.

*सावधान :* या ठिकाणी बिअ‍ॅट्रिसच्या नटीने जराही मवाळ व्हायचं नाही. तिला अजून काहीच माहीत नाही. बेनेडिकचं बदललेलं, गोड वागणं बघून ती बुचकळ्यात पडू शकते, वैतागू शकते. ती लाजली तर पुढच्या प्रवेशाला करण्यासारखं काही उरत नाही.

टप्पा ६ : बिअ‍ॅट्रिसचा प्रवेश

लांबीने हा पहिल्याच्या निम्म्याहून कमी. इथे बिअ‍ॅट्रिसला लपल्यावर एकही जनांतिक नाही. नाटकात जिच्या तोंडाला कोणी लागत नाही ती बाई पूर्ण वेळ गप्प आहे. आणि जी हेरो तोवर जेमतेम बोलली आहे, ती इथे सर्वांत जास्त बोलते. ही अदलाबदल हाच प्रवेशाचा कणा आहे.

हेरोचे आरोप बेनेडिकवरच्या आरोपांपेक्षा बोचरे आहेत. बिअ‍ॅट्रिसच्या डोळ्यांत तुच्छता चमकते. ती स्वतःवर इतकी खूश आहे की दुसऱ्यावर प्रेम करूच शकत नाही. कोणताही पुरुष असो, ती त्याचं चांगलं ते वाईट करून दाखवते. हे मी तिला तोंडावर सांगायला गेले तर ती माझी टिंगल करून मला उडवून लावील. शेवटचा मुद्दा नटीला नीट समजावून सांगा. सतत झाकोळलेली धाकटी बहीण इथे खेळाच्या आडोशाने मनातलं खरंच बोलून घेते आहे, असं धरून एकदा तालीम करा. हेरोशी बोलणारी तिची दासी अर्सुला हिला मधेच वाटलं पाहिजे की हे ठरल्यापेक्षा जास्त चाललंय.

म्हणून बिअ‍ॅट्रिससाठी गमतीच्या हालचाली नकोत. धावत येईपर्यंत हसू, बसल्यावर ते हळूहळू उतरत जातं. शेवटच्या दहा ओळी मुळात यमकबद्ध आहेत. तिला नेहमीच्या चपळ गद्यात लपता येत नाही. मराठीत यमक साधलं नाही तरी लय ठेवा, आणि बेनेडिकसारखा प्रेक्षकांशी वाद घालायला तिला लावू नका. ती वाद घालत नाही, मान्य करते.

दोन धागे इथेच विणून ठेवायचे. बिअ‍ॅट्रिसला बोलावून आणायला मार्गारेटला पाठवतात. हीच मार्गारेट पुढे खिडकीतल्या बनावात वापरली जाते, तेव्हा तिला प्रेक्षकांच्या नजरेत भरेल अशी एन्ट्री द्या. दुसरं, हेरो सहज म्हणते की बेनेडिकचं मन उतरावं म्हणून बहिणीबद्दल काही निरुपद्रवी बदनामी रचावी, वाईट शब्दाने आवड कशी विषारी होते कोण जाणे. हे वाक्य हलकेच, हसत जाऊ द्या. खाली पार्श्वसंगीत टाकून अधोरेखित करू नका.

*तपासा :* नाटक न वाचलेल्या एखाद्याला तालमीला बसवा आणि विचारा, 'बिअ‍ॅट्रिसबद्दल त्या दोघी बोलल्या त्यातलं खरं काय?' उत्तर 'काहीच नाही' आलं तर हेरो फार गोड बोलते आहे.

टप्पा ७ : तीच कळ, उलटी फिरवलेली

क्लॉडिओला फसवतात ती पद्धत हीच आहे : दिसेल, ऐकू येईल अशी व्यवस्था आधी करायची, मग सावजाला स्वतःच निष्कर्ष काढू द्यायचा. फरक एवढाच की इथे त्याने आधीच ठरवून टाकलंय. पाहण्यापूर्वीच तो म्हणतो, आज रात्री काही दिसलं तर उद्या भर चर्चमध्ये तिची लाज काढीन.

खिडकीचा प्रसंग मूकनाट्याने दाखवायचा मोह अनेकांना होतो. संहितेत तो प्रवेश नाही आणि नसावा असंच माझं मत आहे. प्रेक्षकांनी तो डोळ्यांनी पाहिला की क्लॉडिओची चूक निम्म्याने माफ होते. शिवाय लगेच पुढे पहारेकरी बोराचिओच्या तोंडून हीच हकिगत ऐकतात, ती शिळी होते.

त्या पहारेकऱ्यांना बेनेडिक लपला होता त्याच जागेत लपवा. प्रेक्षक आपोआप तुलना करतात. साऱ्या नाटकात आडून ऐकून सत्य मिळवणारे आणि ते योग्य ठिकाणी पोहोचवायला धडपडणारे एवढेच, आणि तेही निम्मं चुकीचं ऐकून 'डिफॉर्म्ड' नावाचा चोर शोधायला लागतात. पहारेकऱ्यांचा मुख्य डॉगबेरी याच्या चुकीच्या शब्दांसाठी शब्दशः भाषांतराच्या नादी लागू नका. सरकारी मराठीचा थाट घ्या. 'दोन संशयित इसम ताब्यात घेतले' ऐवजी 'दोन संन्यस्त इसम ताब्यात घेतले' असं तो पूर्ण अधिकाराने म्हणाला की काम होतं.

*सावधान :* लग्नाच्या सकाळी डॉगबेरी लिओनाटोकडे येतो तो प्रवेश हशांसाठी ताणू नका. लिओनाटो घाईत आहे, सत्य दारात उभं आहे आणि बोलणाऱ्याला ते सांगता येत नाही. प्रेक्षकांना हसता हसता अस्वस्थ वाटायला हवं. डॉगबेरीच्या नटाने इथे पदरच्या कोट्या घातल्या तर ती अस्वस्थता विरते आणि चर्चचा प्रवेश पुन्हा परका होतो.

टप्पा ८ : तालमींचा क्रम आणि शेवटचे निर्णय

नाटकाच्या क्रमाने तालीम करू नका. चर्च रिकामं झाल्यावर बेनेडिक आणि बिअ‍ॅट्रिस यांच्यात जे बोलणं होतं, जिथे प्रेमाची कबुली येते आणि पाठोपाठ 'क्लॉडिओला मारा' ही मागणी येते, ते सर्वांत आधी बसवा. आपण कुठे पोहोचायचंय हे दोघांना कळलं की फसवणुकीच्या प्रवेशांत ते उगाच बाहुल्यांसारखे वागत नाहीत. त्यानंतर मुखवट्यांचा नाच, मग बिअ‍ॅट्रिसचा प्रवेश, आणि बेनेडिकचा सर्वांत शेवटी. बेनेडिकचा आधी घेतला की त्याचा साचा बिअ‍ॅट्रिसवर बसतो. उलटं केलं की बसत नाही.

रंगीत तालमीला पाच-दहा तरी परके प्रेक्षक बोलवा. रिकाम्या प्रेक्षागृहात बोलणारे तिघे न थांबता बोलतात आणि पहिल्या प्रयोगाला हशाखाली तीन ओळी बुडतात. हशा कुठे थांबू द्यायचा हे बेनेडिक ठरवील, बोलणारे नव्हे. तो चेहरा पुढच्या भावावर नेईल, तेव्हा पुढची ओळ सुटेल. ही खूण तिघांशी आधी ठरवून घ्या.

प्रॉपर्टीच्या (रंगमंचावर लागणाऱ्या वस्तूंच्या) यादीत दोन कागद लिहा : बेनेडिकचं लंगडं सुनीत आणि बिअ‍ॅट्रिसच्या खिशातून चोरलेलं दुसरं. शेवटच्या प्रवेशात दोघं प्रेम नाकारायला लागतात, तेव्हा क्लॉडिओ एक काढतो आणि हेरो दुसरा. दुरून ओळखू येण्यासाठी एक चुरगळलेला आणि एक नीट घडी घातलेला ठेवा. पाचव्या अंकात बेनेडिक कविता जुळवायला धडपडतो तेव्हा त्याच्या हातात तोच चुरगळलेला कागद दिसू द्या.

एक निर्णय मात्र वाचनाच्या पहिल्या दिवशीच घ्या, नाहीतर शेवटच्या आठवड्यात भांडण होतं. बिअ‍ॅट्रिसचं तोंड बंद करण्याची ती प्रसिद्ध ओळ आणि चुंबन. १६०० आणि १६२३ या दोन्ही जुन्या छापील प्रतींत ती ओळ लिओनाटोच्या नावावर आहे. बेनेडिकच्या तोंडी ती पुढच्या संपादकांनी घातली. लिओनाटोला दिलीत तर म्हातारा काका दोघांना एकमेकांकडे ढकलतो, चुंबनाचा मराठी रंगमंचावरचा संकोचही सुटतो, आणि बिअ‍ॅट्रिसला गप्प करण्याचं पाप बेनेडिकच्या माथी येत नाही. बेनेडिकला दिलीत तर त्यानंतर बिअ‍ॅट्रिस नाटकात एक शब्दही बोलत नाही, हे लक्षात ठेवून तिला शेवटच्या नाचात काहीतरी ठोस करायला द्या.